फीडबॅक तुटला आणि २४ चे ४१ व्होल्ट झाले: एका ६० वॅट फ्लायबॅक सप्लायचं प्रकरण

एका पॅकिंग मशिनच्या पॅनेलमध्ये डिन रेलवर बसवलेला २४ व्होल्ट, २.५ अँपिअरचा सप्लाय. त्यावर पीएलसी (मशिन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), काही प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह. मशिन सुट्टीत उभं होतं, सगळे व्हॉल्व्ह बंद, पॅनेल मात्र चालू. परत सुरू करायला गेल्यावर पीएलसी मेलेला, दोन सेन्सर गरम होऊन गेलेले, आणि सप्लायच्या टर्मिनलवर मीटर ४१ व्होल्ट दाखवत होता. सप्लायवरचा हिरवा दिवा नेहमीसारखा लागलेला.

पहिला निदान-शब्द ठरलेला असतो: ‘लाईन जास्त आली’. न्यूट्रल सुटून २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज येणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून हा संशय आधी तपासून बाजूला काढला. लाईन जास्त आली असती तर इनपुटचा एमओव्ही (जास्त व्होल्टेज शोषून घेणारा भाग) तडकला असता, फ्यूज उडाला असता, ४०० व्होल्टचा मुख्य कॅपेसिटर फुगला असता. इथे तिन्ही धड होते. फुगलेले होते ते आउटपुटचे १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन कॅपेसिटर. त्यांची डोकी वर आली होती आणि व्हेंटच्या खाचेतून ओलं बाहेर दिसत होतं. म्हणजे जास्तीचं व्होल्टेज सप्लायनेच तयार केलं होतं. ४१ वर ते थांबलं, कारण गळू लागलेले हे कॅपेसिटरच लोड बनले होते.

आतली रचना अगदी ओळखीच्या फ्लायबॅकची आहे: प्राथमिक बाजूचा मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) चालू असताना ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठते, तो बंद झाला की ती आउटपुटकडे जाते. आउटपुट किती आहे हे नियंत्रकाला कळवणारी वाट म्हणजे फीडबॅक. यूसी३८४२ नियंत्रक, ६०० व्होल्टचा मॉसफेट, दुय्यम बाजूला टीएल४३१ (आउटपुट ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की चालू होणारा आयसी) आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (एलईडीच्या प्रकाशातून फीडबॅक प्राथमिक बाजूला नेणारा भाग). ट्रान्सफॉर्मरचे वेढे प्राथमिक ४८, दुय्यम १२, सहायक ८. सहायक वेढ्यातून डायोड, २२ ओहम आणि ४७ मायक्रोफॅरडमार्फत नियंत्रकाचा व्हीसीसी, म्हणजे त्याचा स्वतःचा पुरवठा, तयार होतो. सुरुवातीचा करंट मुख्य कॅपेसिटरपासून १०० किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरमधून येतो. व्होल्टेज बसवायचा ‘व्ही-अ‍ॅडज’ प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा बदलता रेझिस्टर) ५०० ओहमचा. ओव्हरव्होल्टेज संरक्षण म्हणावं असं काहीच नव्हतं.

दोष कुठे होता

फीडबॅकची वाट तपासायला मेन्स जोडायची गरज नसते, आणि जोडूही नये. प्राथमिक बाजूचा ग्राउंड मेन्सच्या पातळीवर असतो. तिथे नुसत्या स्कोपची क्लिप लावली की धमाका ठरलेला. त्याऐवजी दोन बेंच सप्लाय घेतले. एकाने नियंत्रकाच्या ७ नंबर पायावर १८ व्होल्ट दिले. १६ पुरत नाहीत, कारण यूसी३८४२ सुरू होण्याचा उंबरठा १६ च्या आसपास असला तरी काही नग १७.५ पर्यंत मागतात. ८ नंबरवर ५ व्होल्ट रेफरन्स आला, म्हणजे आयसी शाबूत. दुसरा सप्लाय १०० मिलिअँपची मर्यादा लावून सरळ आउटपुट टर्मिनलवर जोडला आणि २० व्होल्टपासून हळूहळू वर नेला. मीटर १ नंबर पायावर, म्हणजे कॉम्पवर; कॉम्प जितका वर, तितकी नियंत्रकाची ताकद जास्त.

वाट धड असेल तर २४ ओलांडताच टीएल४३१ चालू होतो, ऑप्टोचा एलईडी पेटतो आणि कॉम्प ६ व्होल्टच्या आसपासून धाडकन खाली येतो. इथेही आला. पण पेचकसाच्या मुठीने प्रीसेटवर हलकी टिचकी मारली की कॉम्प परत ६ वर उडी मारे आणि तिथेच अडकून राही. प्रीसेटचा वायपर, म्हणजे सरकता संपर्क, ट्रॅकवरून उचलला जात होता. उघड्या बांधणीचा प्रीसेट, वर पॅकिंगच्या खोलीतली बारीक धूळ आणि मशिनची सततची थरथर. असा भाग असा जाणारच.

मूळ जोडणीत प्रीसेटची दोन टोकं वरच्या १८ किलो-ओहम आणि खालच्या १.८ किलो-ओहम रेझिस्टरमध्ये होती, आणि वायपर टीएल४३१ च्या रेफरन्स पायाला. वायपर उचलला की रेफरन्स पाय अधांतरी. त्याला करंट मिळत नाही, टीएल४३१ बंद पडतो, एलईडी विझतो, आणि नियंत्रकाला वाटतं आउटपुट कमी आहे. तो पूर्ण ताकद लावतो. या सप्लायची पूर्ण ताकद ७५ वॅटच्या आसपास आहे, कारण ३ नंबर पाय करंट व्होल्टेजच्या रूपात मोजतो आणि १ व्होल्टला तो रोखतो; ही मर्यादा शाबूत असते.

आता इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पूर्ण रेझिस्टिव्ह लोड म्हणजे ९.६ ओहम. त्यावर ७५ वॅट पडले तर व्होल्टेज २६.८ च होतं. फीडबॅक पूर्ण तुटूनही पीएलसीच्या २८.८ च्या वरच्या मर्यादेला धक्का लागत नाही. लोड कमी झाला की मात्र व्होल्टेज सुटतं. हा दोष मशिन चालू असताना कदाचित आधीही येऊन गेला असेल आणि कुणाला कळलाही नसेल. नुकसान झालं ते मशिन उभं असताना. ‘काही करत नव्हतो तेव्हा जळलं’ अशी तक्रार आली की पहिला संशय फीडबॅकवर घ्यावा.

आउटपुट ४१ वर गेल्याने प्राथमिक बाजूलाही ताण पडतो. सहायक वेढ्याचं व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढून व्हीसीसी २७ च्या जवळ जातो. यूसी३८४२ च्या आतला क्लॅम्प (व्होल्टेज एका पातळीवर अडवणारा भाग) ३४ च्या आसपास कामाला येतो, तोवर आयसी निवांत चालत राहतो. पण त्याचा गेट ड्राइव्ह व्हीसीसीच्या मागोमाग चढतो, म्हणजे मॉसफेटच्या गेटवर २५ व्होल्ट. बऱ्याच मॉसफेटची गेटची मर्यादा २० च आहे. शिवाय आउटपुटमुळे प्राथमिक वेढ्यावर उमटणारं परावर्तित व्होल्टेज १०० वरून १६७ होतं. २६५ व्होल्ट लाईनवर ड्रेन आधीच ५४२ ला पोचतो, त्यावर ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्सचा (दुय्यम बाजूला न पोचणाऱ्या ऊर्जेचा) क्षणिक काटा वेगळा. इथे मॉसफेट वाचला. पण ‘मॉसफेट वारंवार जातो’ म्हणून येणाऱ्या सप्लायमध्ये कधीकधी मूळ कारण हेच असतं.

नुसता प्रीसेट बदलून का भागत नाही

नवीन प्रीसेट आणि नवे कॅपेसिटर टाकून सप्लाय परत दिला असता तर तो चालला असता. पण फीडबॅकच्या वाटेत व्होल्टेज वर नेणारे दोष बरेच आहेत: वरचा रेझिस्टर उघडणं (आतून तुटणं), खालचा शॉर्ट होणं, टीएल४३१ उघडणं, ऑप्टोचा एलईडी किंवा त्याचा सिरीज रेझिस्टर जाणं, ऑप्टोच्या ट्रान्झिस्टरची पायाची सोल्डर तडकणं, कॉम्पचा ट्रॅक तुटणं. म्हणून दोन कामं वेगवेगळी करावी लागतात. आधी वाट अशी बांधायची की नाजूक भाग गेला तर व्होल्टेज खाली यावं. मग या वाटेतल्या कोणत्याही भागाचा आधार न घेणारं संरक्षण लावायचं. ज्या डिव्हायडरवर (आउटपुटचा ठरलेला हिस्सा काढणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीवर) नियमन चालतं त्याच डिव्हायडरवर टांगलेलं संरक्षण कागदावर दिसतं, पण डिव्हायडर गेला की दोन्ही एकदम आंधळे होतात.

पहिलं काम स्वस्तात झालं. वर १८ किलो-ओहम, १ टक्का, मेटल फिल्म. खाली २ किलो-ओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये २०० ओहमचा बंद बांधणीचा मल्टिटर्न प्रीसेट, वायपर एका टोकाला जोडलेला. आता वायपर उचलला तर खालचा हात २.२ किलो-ओहम होतो आणि आउटपुट २२.९ वर येतं. प्रीसेटचा ट्रॅकच तुटून सर्किट उघडलं तर रेफरन्स वर खेचला जातो आणि सप्लाय बंदच पडतो. बसवण्याचा पल्ला २२.९ ते २४.९५ इतका कमी झाला, आधी तो २८ पर्यंत होता. हे मुद्दाम केलं. लांब केबलसाठी २८ पर्यंत चढवायची सोय विक्रीच्या पत्रकात छान दिसते, पण मग ट्रिपची, म्हणजे संरक्षणाने सप्लाय बंद पाडायची, पातळी ३२ च्या वर न्यावी लागते आणि पीएलसीला संरक्षण उरत नाही.

संरक्षण कुठून बघेल

तीन पर्याय होते. आउटपुटवर टीव्हीएस डायोड (ठरलेल्या पातळीच्या वरचं व्होल्टेज अडवणारा) हा सगळ्यांना आधी सुचतो. २८ व्होल्टचा ६०० वॅटवाला टीव्हीएस ३१ च्या पुढे चालू होतो आणि पूर्ण करंटला ४५ च्या आसपास क्लॅम्प करतो. शिवाय ६०० वॅट ही मिलिसेकंदाची ताकद आहे. सतत ७५ वॅट आले की तो काही क्षणांत शॉर्ट होतो. काट्यांसाठी तो ठीक, सुटलेल्या फीडबॅकसाठी नाही.

दुसरा पर्याय दुसऱ्या ऑप्टोचा. दुय्यम बाजूला २७ व्होल्टचा झेनर (तेवढ्या व्होल्टेजला चालू होणारा डायोड), १ किलो-ओहम आणि आणखी एक पीसी८१७. त्याचा ट्रान्झिस्टर प्राथमिक बाजूचा लॅच (एकदा चालू झाला की तसाच धरून राहणारा स्विच) पेटवतो. तो आउटपुट प्रत्यक्ष मोजतो, म्हणून सर्वांत अचूक. नवा बोर्ड आखत असाल तर हाच घ्या. पण तयार बोर्डावर विलगीकरणाच्या पट्टीवर आणखी एक भाग बसवायला स्वच्छ अंतर मिळत नव्हतं, आणि तारांनी लोंबकळता ऑप्टो लावून मेन्स आणि २४ व्होल्टमधलं अंतर कमी करणं हा मूळ दोषापेक्षा मोठा धोका.

म्हणून तिसरा: सहायक वेढा. फ्लायबॅकमध्ये मॉसफेट बंद असताना सहायक वेढ्यावर आउटपुटची प्रतिमा उमटते. २४ व्होल्ट अधिक डायोडचे ०.७, भागिले १२ वेढे, म्हणजे प्रत्येक वेढ्याला २.०६ व्होल्ट, ८ वेढ्यांना १६.५. ही वाट टीएल४३१, ऑप्टो, डिव्हायडर कशालाच शिवत नाही.

मोजणी व्हीसीसीवरून करण्याचा मोह होतो. तो टाळला. २२ ओहम आणि ४७ मायक्रोफॅरडमुळे व्हीसीसी आउटपुटच्या सुमारे २ मिलिसेकंद मागे चालतो. फीडबॅक सुटल्यावर बिनलोड आउटपुट मिलिसेकंदाला दीड व्होल्ट चढतं, म्हणजे तेवढ्यात तीन व्होल्ट निसटतात. दुसरं कारण दुरुस्तीतल्या सवयीचं. त्याच पॅनेलमधल्या जोडीच्या सप्लायमध्ये कुणीतरी ‘आयसी वाचावा’ म्हणून व्हीसीसीवर १८ व्होल्ट, १ वॅटचा झेनर लावलेला आढळला. असा झेनर व्हीसीसीला १८ वर धरून ठेवतो, म्हणजे संरक्षणाला जे दिसायला हवं तेच झाकतो. आणि फीडबॅक सुटला की त्याच्या अंगावर कित्येक वॅट येतात, तो शॉर्ट होतो, मग आयसी सुरूच होत नाही. पुढचा माणूस आयसी बदलत बसतो.

म्हणून वेढ्यापासून वेगळी छोटी मोजणी-वाट काढली: डायोड, ४७० ओहम, १०० नॅनोफॅरड, त्याला समांतर २२ किलो-ओहम. डायोड बीएव्ही२१. इथे हाताशी असलेला १एन४१४८ लावू नये. मॉसफेट चालू असताना वेढा उलटा जातो आणि २६५ व्होल्ट लाईनवर डायोडवर ७८ च्या वर उलट व्होल्टेज येतं, तर १एन४१४८ सतत ७५ साठी आहे. बीएव्ही२१ २०० चा.

४७० ओहम हा आकडा ट्रिपच्या खोट्या गजरातून आला. आधी ४७ ओहम लावून पाहिले तर पूर्ण लोडवर आउटपुट २४ असतानाच लॅच पडत, म्हणजे ट्रिप होत, होता. मॉसफेट बंद होताच लीकेज इंडक्टन्सचा अर्ध्या मायक्रोसेकंदाहून कमी रुंदीचा काटा वेढ्यावर येतो, लोड वाढेल तसा उंच होतो, आणि ४७ ओहमला तो काटा कॅपेसिटर भरून टाकायला पुरतो. ४७० ला काट्याचा वाटा नगण्य होतो आणि त्याच्यामागची सपाट पातळी मोजली जाते. किंमत अशी की हलक्या लोडवर मोजणी जराशी कमी दाखवते. कॅपेसिटर मोठा करूनही काटा गाळता येतो असं वाटेल, पण वेढ्यातून काट्याला आणि सपाट भागाला मिळणारं प्रमाण त्याने बदलत नाही, फक्त प्रतिसाद मंदावतो.

लॅच

मोजणीच्या कॅपेसिटरपासून १८ व्होल्टचा २ टक्केवाला झेनर बीझेडएक्स७९-बी१८, मग १ किलो-ओहम, मग लॅच. ५ टक्क्यांचा झेनर घेतला तर ट्रिपच्या पातळीत पावणेतीन व्होल्टचा फरक पडतो. २ टक्क्यांत एक-सव्वा व्होल्ट. हिशोबाने ट्रिप २८.३ ला हवी, चाचणीत हलक्या लोडवर ती २९.४ ला मिळाली. बंद पेटीत ६५ अंशांवर झेनर साधारण अर्धा व्होल्ट चढतो, म्हणजे आउटपुटवर पाऊण व्होल्ट. ३१ च्या आत सगळं मावतं. पीएलसी काही मिलिसेकंद एवढं सहन करतो का, हे त्याच्या पत्रकात बघून मगच हा आकडा पक्का करायचा.

लॅचसाठी छोटा एससीआर (एकदा पेटला की पुरेसा करंट असेपर्यंत चालू राहणारा भाग) का नाही? कारण तो धरून राहत नाही. बीटी१६९ किंवा एमसीआर१०० सारख्यांचा होल्डिंग करंट (धरून राहायला लागणारा किमान करंट) ५ मिलिअँपपर्यंत असू शकतो, आणि सुरुवातीच्या २०० किलो-ओहममधून येतात फक्त दीड मिलिअँप. एससीआर पडतो, व्हीसीसी उतरतो, एससीआर सुटतो, पुन्हा १६ व्होल्ट, पुन्हा सुरू. एखादा नग धरतो, दुसरा नाही. उत्पादनात याहून वाईट काही नसतं. फक्त कॉम्प खाली धरणारा एससीआरही तसाच: स्विचिंग थांबलं की व्हीसीसी १० च्या खाली जातो, ५ व्होल्टचा रेफरन्स बंद होतो, एससीआर सुटतो. मग सप्लाय दर पाव-अर्ध्या सेकंदाला उचकी दिल्यासारखा पीएलसीला २९ व्होल्ट देत राहतो.

म्हणून बीसी५५७ आणि बीसी५४७ या दोन ट्रान्झिस्टरची जोडी. बीसी५५७ चा एमिटर २२० ओहममार्फत व्हीसीसीला, कलेक्टर बीसी५४७ च्या बेसला. बीसी५४७ चा कलेक्टर बीसी५५७ च्या बेसला, एमिटर ग्राउंडला. दोघांच्या बेस-एमिटरवर १० किलो-ओहम आणि १० नॅनोफॅरड. ही जोडी सुमारे १३० मायक्रोअँपवरही धरून राहते. २२० ओहम विसरले तर ४७ मायक्रोफॅरडचा सगळा चार्ज एकदम ट्रान्झिस्टरमधून जातो आणि पहिल्याच ट्रिपला जोडी शॉर्ट होते. २२० ने तो करंट ९० मिलिअँपवर राहतो.

पण २२० लावले की नवी अडचण येते. स्विचिंग चालू असेपर्यंत वेढा २२ ओहममधून व्हीसीसी भरतच असतो, आणि २२ विरुद्ध २२० च्या ओढाताणीत व्हीसीसी १८ च्या खाली उतरतच नाही. लॅच पडलेला, सप्लाय चालूच! म्हणून कॉम्पपासून बीसी५४७ च्या कलेक्टरकडे एक डायोड. हा १एन४१४८ चालेल. लॅच पडताच कॉम्प ०.८ व्होल्टच्या आसपास येतो, जे शून्य ड्यूटीसाठी (मॉसफेट अजिबात चालू न होण्यासाठी) लागणाऱ्या सुमारे १.४ च्या बरंच खाली आहे. स्विचिंग लगेच थांबतं, मग ७ मिलिसेकंदांत व्हीसीसी १० च्या खाली आणि पुढे एक व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. मॉसफेटच्या गेटवर १८ व्होल्टचा झेनरही याच वेळी लावला.

एक परिणाम देखभालवाल्यांना सांगावाच लागतो. स्विच बंद केल्यावर मुख्य १०० मायक्रोफॅरड फक्त त्या २०० किलो-ओहममधून रिकामा होतो. लॅच सुटायला त्यावर २६ व्होल्ट उरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे सुमारे ५० सेकंद. दहा सेकंदांत स्विच परत दिला तर सप्लाय मेल्यासारखाच दिसतो आणि धड नग कचऱ्यात जातो. पेटीवर ‘बंद करून १ मिनिट थांबा’ अशी चिठ्ठी लावली.

चाचणी

पीएलसी काढून ठेवायचा. विलगीकरण ट्रान्सफॉर्मर आणि व्हेरिअ‍ॅकवरून (लाईन कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) लाईन, आउटपुटवर चाचणीपुरते ६३ व्होल्टचे कॅपेसिटर, स्कोप सिंगल शॉटवर, ट्रिगर २६ व्होल्टला. मग ऑप्टोचे १ आणि २ नंबर पाय, म्हणजे एलईडी, दुय्यम बाजूने शॉर्ट करायचे. फीडबॅक तोडायची ही सगळ्यात सुरक्षित जागा. बिनलोड, पाव लोड, अर्धा लोड, प्रत्येकी १८०, २३० आणि २६५ व्होल्ट लाईनवर. साधारण ८५ टक्क्यांच्या वरच्या लोडवर ट्रिप होणार नाही, ती ७५ वॅटची मर्यादा आहे; तो संरक्षणातला दोष समजू नये. उलट बाजूची चाचणी तितकीच महत्त्वाची: पूर्ण लोडवर सुरुवात, १० वरून १०० टक्के आणि परत अशी लोडची उडी, आउटपुट शॉर्ट करून सोडणं. यात एकदाही ट्रिप होता कामा नये. शॉर्ट सोडतानाची उसळी सर्वांत त्रासदायक असते, कारण तेव्हा टीएल४३१ भरपाईच्या (फीडबॅक स्थिर ठेवणाऱ्या) कॅपेसिटरमुळे उशिरा जागा होतो. ती २७ च्या वर जात असेल तर झेनर वाढवू नका. भरपाईचं नेटवर्क दुरुस्त करा.

हे संरक्षण सप्लायने स्वतः तयार केलेलं जास्तीचं व्होल्टेजच पाहतं. सोलेनॉइडचा मागे येणारा काटा किंवा चुकून २४ च्या तारेला लागलेली दुसरी लाईन त्याला थांबवता येत नाही. या पॅनेलमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हवर फ्रीव्हील डायोड (असा काटा जिरवणारे) होते, म्हणून आउटपुटवर एससीआर क्रोबार (जास्त व्होल्टेज आलं की आउटपुट शॉर्ट करणारं संरक्षण) लावला नाही. जिथे तो लावायचा आहे आणि दोन सप्लाय समांतर आहेत, तिथे प्रत्येक सप्लायच्या आउटपुटला आधी सिरीज डायोड घालून क्रोबार त्या डायोडच्या सप्लायकडच्या बाजूला ठेवावा. नाहीतर एकाचा क्रोबार पडला की तो धड असलेल्या दुसऱ्या सप्लायलाही शॉर्ट करतो आणि सगळं पॅनेल एकदम बसतं.